डिमेन्शियाच्या सेंटरमध्ये आण्णा: चौदा महिन्यांचा हिशेब

सेंटरचं नाव लिहीत नाही. आण्णा अजून तिथंच राहतात आणि खाली मी तक्रारीही लिहिणार आहे, एवढ्यावरून समजून घ्या. पानशेतच्या रस्त्याला 22 खाटांचं ठिकाण आहे. महिन्याला 36,000 रुपये, डिपॉझिट 1 लाख, डायपर आणि औषधं वेगळी.

आधी आण्णांबद्दल सांगतो, कारण एकाला मानवणारं ठिकाण दुसऱ्याला मानवेलच असं नाही. वय 79. एसटीच्या करमाळा डेपोला 1971 ते 2004 कंडक्टर. तिकिटाचं मशीन त्यांच्या हातात कधी आलंच नाही. ट्रे, पंच आणि वेबिल (फेरीतल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद) यांवरच नोकरी संपली. अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान होऊन सहा वर्षं झाली. आई गेल्यावर माझ्याकडे हडपसरला आले. माझं मेडिकल स्टोअर आहे, बायको बालवाडीत शिकवते. दिवसाला एक मावशी ठेवली होती. पण आण्णांची ड्युटी संध्याकाळी सुरू व्हायची. पाच वाजले की उठायचे, पिशवी काखेत मारायचे आणि दार धरायचे. ‘आरं, येळ झाला. गाडी सुटंल.’

एका पहाटे दार उघडं दिसलं. आण्णा गाडीतळावर सापडले. पायात चप्पल नाही, काखेत बायकोची भाजीची पिशवी, आणि पीएमपीच्या एका तरुण कंडक्टरला दारात अडवून वेबिल मागत होते. त्या पोरानं हसण्यावारी नेलं नाही. ‘साहेब, वेबिल डेपोत जमा केलंय, तुम्ही जरा बसा,’ म्हणाला आणि त्यांना मागच्या सीटवर बसवलं. त्याच दिवशी आम्ही ठरवलं की आता घरी निभणार नाही. ताई कोल्हापूरला असते. तिला फोन केला तर ती आधी रडली आणि मग म्हणाली, ‘लोक काय म्हणतील ते मी बघते, तू जागा बघ.’

चार जागा बघितल्या.

पहिली जागा दिसायला सगळ्यात भारी. काचेचं दार, सोफा, मत्स्यालय, भिंतीवर गणपती. मॅनेजरनं विचारलं ते तीनच प्रश्न: चालतात का, डायपर आहे का, पैसे कोण भरणार. माणूस काय करायचा, काय खातो, कशाला घाबरतो, काही नाही. वर जमिनीला आरशासारखी चकचकीत टाइल आणि दर खोलीच्या दारात काळं पायपुसणं. हे पायपुसणं किरकोळ वाटेल. आण्णांना काळं पायपुसणं म्हणजे खड्डा दिसतो. आमच्या बाथरूमच्या दारात ते पंधरा मिनिटं उभे राहायचे आणि तोवर कपडे ओले. पायपुसणं उचललं त्या दिवशी निम्मी भांडणं मिटली होती. डिमेन्शियाचं सेंटर म्हणून पैसे घेणाऱ्याला हे माहीत नसावं?

दुसरी जागा एका बंगल्यात. आम्ही सकाळी अकराची वेळ मागितली होती, पण कात्रजला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पोचेपर्यंत दुसरं काम काढून संध्याकाळचे साडेपाच केले. उशीर झाला ते बरंच झालं. हॉलमध्ये सगळे खुर्च्यांत माना टाकून बसलेले, टीव्ही चालू, बघणारं कोणी नाही. बाई कौतुकानं म्हणाल्या, ‘आमच्याकडे संध्याकाळचा त्रास कोणालाच होत नाही.’ माझा धंदा औषधांचा, नजर आपोआप टेबलावरच्या डब्यांकडे गेली. नावं लिहिलेले 18 डबे होते. 14 डब्यांत एकच स्ट्रिप दिसली, क्वेटियापिन. ही गोळी मुळात स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची, गुंगी आणणारी. या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 मध्येच छापायला लावला. म्हणून ती कधीच देऊ नये असं नाही. आण्णांनाही मधे काही आठवडे होती, 25 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, डॉक्टरांनी बघून दिलेली आणि बघून बंद केलेली. पण 18 पैकी 14? आणि सगळ्यांना चारच्या चहाबरोबर? मी चहा न घेता निघालो.

तिसऱ्या जागेनं आम्हालाच नापास केलं. ‘फिरणारे पेशंट आम्ही घेत नाही.’ डिमेन्शियाचं सेंटर, आणि फिरणारे नकोत! हे म्हणजे एसटीनं उभे पॅसेंजर घेत नाही म्हणण्यासारखं झालं.

चौथ्या जागी मुद्दाम संध्याकाळी पाचला, फोन न करता गेलो. बाहेर उभं केलं नाही, हा पहिला मार्क. आत गोंधळ होता. एक आजी दार वाजवत होत्या, एक काका मोठ्यानं रामरक्षा म्हणत होते, दोघं-तिघं अंगणात गोल फिरत होते आणि एक मावशी त्यांच्याबरोबर फिरता फिरता मटार सोलत होती. बायकोनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या गलक्यात कसं ठेवायचं? मला मात्र तो गलकाच पटला. संध्याकाळची घालमेल या आजारात असतेच. ती दिसत नसेल, तर ती कुठं गेली हे विचारायला हवं.

अंगणाची वाट फिरून पुन्हा दारापाशीच येते, बंद टोक कुठंच नाही. फाटकाची कडी फाटकावर नाही, बाजूच्या भिंतीवर वर लावलीय आणि भिंतीच्याच रंगात रंगवलीय. संडासची सीट गडद निळी, बाकी सगळं पांढरं, म्हणजे बसायचं कुठं ते दिसतं. आरसे पडद्याआड. हे सगळं कमी पैशांत होतं, मत्स्यालयाच्या खर्चात तर नक्की होतं.

सेंटरच्या मॅडमनी दोन पानी फॉर्म दिला. आवडतं कालवण, आंघोळ सकाळी की रात्री, धंदा, गावाचं नाव, कोणत्या नावानं हाक मारल्यावर वळून बघतात. आम्ही ‘आण्णा’ आणि ‘कंडक्टर’ अशी दोन लिहिली.

आता तिथल्या एका मावशीबद्दल. लातूरकडच्या आहेत, पन्नाशीच्या. बाकी बराच स्टाफ झारखंड-ओडिशाचा. पोरं कष्टाळू आहेत, पण त्यांना हिंदी येते आणि आण्णांची हिंदी आजारानं पुसून टाकलीय. गेल्या दोन वर्षांत त्यांची पुण्यात शिकलेली मराठीसुद्धा गेली, करमाळ्याची तेवढी राहिली. ‘अंकल, नहाना है’ म्हटलं की हात उगारतात. मावशी म्हणतात, ‘कंडक्टर, चला, गाडी धुवायची हाय,’ की निघाले. जागा बघायला जाल तेव्हा रात्रपाळीला कोण असतं आणि त्याला आपल्या माणसाची भाषा येते का, एवढं तरी विचारा. मी दिवसाचं विचारलं, रात्रीचं विचारलं नाही. त्याची किंमत पुढं येईलच.

पहिल्या महिन्यात एकदा मी पाचच्या सुमाराला गेलो तेव्हा आण्णा फाटक हलवत होते. मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. फाटक सोडा म्हणाल्या नाहीत. विचारलं, ‘ही गाडी कुठली?’

‘पुणे.’

‘कुठं कुठं थांबती?’

आण्णा फाटक धरूनच सांगायला लागले. कोर्टी, भिगवण, कुरकुंभ, पाटस, चौफुला, यवत, उरुळी, लोणी, हडपसर, स्वारगेट. मुलाचं नाव रोज चुकतं, हे थांबे चुकत नाहीत. आता मावशींना सगळे पाठ झालेत. कधी मुद्दाम कुरकुंभ गाळतात. मग आण्णा खवळतात, ‘कुरकुंभाचं पॅसिंजर काय तुझ्या बापानं उतरवायचं?’ आणि त्या खवळण्यात फाटक सुटतं, दोघं चालायला लागतात. स्वारगेट येईपर्यंत जेवायची वेळ होते. मावशींना हे कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. त्यांचा पगार मी मॅडमना विचारला, त्यांनी विषय बदलला.

जेवण घरच्यासारखं आहे म्हणणार नाही. वरण पातळ असतं. पण ताटं रंगीत आणि काठाची आहेत, पांढऱ्या ताटात पांढरा भात हरवत नाही. आण्णांना दुधात भाकरी कुस्करून मिळते, आणि ती चमच्यानं कोंबत नाहीत, हातानं खाऊ देतात. अर्धी सांडते, सांडू दे.

आता तक्रारी.

सहाव्या महिन्यात एका शुक्रवारी फोन आला: आण्णा फार झोपतात, काही बोलत नाहीत, ‘आजार पुढच्या स्टेजला गेलाय.’ मी म्हटलं, बुधवारी तर त्यांनी मला शिव्या दिल्या होत्या. अल्झायमर असा दोन दिवसांत जिना उतरत नाही, तो वर्षावर्षानं उतरतो. अचानक बदल झाला की आधी लघवी तपासायची, पोट साफ होतं का बघायचं, नवीन गोळी सुरू केलीय का बघायची. लघवीची तपासणी मी भांडून करून घेतली. इन्फेक्शन निघालं, पाच दिवस ॲडमिट करावं लागलं, आणि आठव्या दिवशी पुन्हा कुरकुंभावरून भांडण सुरू. हे दुकानदाराच्या आधी तिथल्या सिस्टरला सुचायला हवं होतं. नंतर मॅडमनी चूक मानली आणि आता लघवीचा रंग-वास रोजच्या वहीत लिहितात. वही मी दर रविवारी वाचतो. कंटाळवाणी आहे, तरी वाचतो.

दुसरी तक्रार रात्रीची. 22 जणांना रात्री दोनच माणसं, दोघंही हिंदीवाले. नवव्या महिन्यात रात्री अडीचला आण्णा पडले, भुवईवर खोक. मला फोन सकाळी नऊला. ‘तुमची झोप कशाला मोडायची?’ करारात पडल्यावर लगेच कळवायचं असं काही नव्हतंच. वेळेवर फी भरण्याबद्दल मात्र चार कलमं होती. आता तासाभरात फोन करायचा असं पेनानं लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात. तुम्ही आधीच घ्या. त्याच करारात अर्ध्या महिन्यात माणूस गेला किंवा हलवला तर पैसे किती परत, वर्षाला फी किती टक्के वाढणार, हॉस्पिटलला कोण नेणार, हेही वाचा. आमची फी पहिल्या वर्षाअखेरी 8 टक्के वाढली.

तिसरी तक्रार कवळीची. आण्णांची कवळी आणि खोली नंबर चारच्या काकांची कवळी तीन दिवस अदलाबदल झाली होती. दोघंही जेवत नव्हते आणि दोघांच्याही घरी ‘भूक मंदावलीय’ असे फोन गेले. आता कवळीवर नाव कोरून घेतलंय, डेंटिस्ट कोरून देतात. कपड्यांवरही धुवून न जाणाऱ्या शाईनं नाव घातलंय, पण तिथं यश कमी आहे.

पैशांचं सरळ सांगतो. आण्णांची ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी, पेन्शन महिन्याला 3,000 च्या आत आहे. 33 वर्षं तिकिटं फाडून एवढी. फी मी आणि ताई निम्मी-निम्मी भरतो, डायपर-औषधं माझ्या दुकानातून, म्हणजे मला थोडी स्वस्त. मेडिक्लेम अशा राहण्याला पैसे देत नाही, फक्त ॲडमिट केल्यावर देतो. ते पाच दिवस मिळाले, बाकी चौदा महिने खिशातून. ज्यांना हे परवडणार नाही त्यांना मी काय सांगणार? केंद्र सरकारची ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे, निदान बोलायला कोणीतरी असतं. देशात साठीपुढच्या शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे आणि 36,000 वाल्या खाटा किती घरांच्या आवाक्यात आहेत, हे मला दुकानातल्या उधारीच्या वहीवरून कळतं.

पाचपैकी द्यायचे तर साडेतीन. मावशींना एकट्यांना पाच. त्या नोकरी सोडून गेल्या तर हा अभिप्राय मी परत लिहीन, आणि मॅडमना मी हे सांगितलंय. चार देणार होतो. पण परवाच्या रविवारी गेलो तर आण्णा अंगणात रुबाबात उभे, ‘पुढं सरका, पुढं सरका’ चाललेलं, आणि अंगात खोली नंबर चारच्या काकांचा मरून स्वेटर. काकांच्या अंगात आमचा निळा. त्यावर ताईनं दोऱ्यानं नाव विणलंय, चांगलं बोटभर अक्षरात.