ओपनबीएसडी: जुन्या थिंकपॅडवर, गोव्याच्या पावसात

आधी सरळ सांगतो, ही ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांसाठी नाही. पण मशीन अडलं की स्वतः आत डोकावून बघायची ज्याला आवड आहे त्याच्यासाठी हिच्याइतकी चांगली दुसरी मला तरी सापडलेली नाही. मी फोंडा तालुक्यात शिरोड्याला राहतो, हिशेब आणि लिखाणाची कामं जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर करतो आणि म्हापश्याला चुलतभावाच्या फार्मसीत राउटर म्हणून एक छोटा डबा लावलाय, दोन्हीकडे ओपनबीएसडीच आहे.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९५ साली थिओ द राट नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रोजेक्टमधून वेगळा झाला आणि त्याने हा प्रोजेक्ट सुरू केला, कॅनडातल्या कॅल्गरीहून चालतो, सोर्स, म्हणजे मूळ कोड, सगळा उघडा, पैसे शून्य. दर सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं, आणि वेळेवर येतं. तुम्ही म्हणाल आपला काय संबंध, तर सर्व्हरवर लॉगिन करायला जगभर जे ओपनएसएसएच वापरतात ते याच लोकांनी १९९९ पासून लिहिलंय, आता विंडोजमध्येसुद्धा तेच येतं.

इन्स्टॉल करणं वाटतं त्यापेक्षा खूप सोपं आहे. रंगीत चित्रं नाहीत, इन्स्टॉलर एकेक प्रश्न विचारतो आणि चौकटी कंसात स्वतःचं उत्तर सुचवतो, पटलं की एंटर, बस. डिस्कचे भाग पण तोच पाडतो, रूट (सिस्टीमचा पाया) वेगळा, यूएसआर (प्रोग्रॅम) वेगळा, होम (आपल्या फाईल्स) वेगळा, आणि हे असं का ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं.

तर मुद्द्याचं. या सिस्टीमची खरी किंमत तिच्या मॅन पेजेसमध्ये, म्हणजे कमांड कशी वापरायची ते सांगणाऱ्या पानांमध्ये आहे. बाकी ठिकाणी काही अडलं की आपण सर्च करतो, कोणीतरी सहा वर्षांपूर्वी दिलेली कमांड चिकटवतो, चाललं तर चाललं. इथे डेव्हलपर कोडमध्ये काही बदललं की मॅन पेज पण बदलतात, मॅन पेज चुकीचं असेल तर तो बग धरतात, त्यामुळे जे लिहिलंय ते तुमच्या मशीनवर जे आहे त्याच्याशी जुळतं. आणि ते मशीनमध्येच असतं. आमच्याकडे जूनमध्ये झाड तारांवर पडलं की लाईट जाते, पाठोपाठ फायबर जातं, थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवर पण मान टाकतो, अशा वेळी 'ऑनलाईन बघा' या सल्ल्याचा काही उपयोग नसतो.

एका अशाच रात्री लाईट गेली, बॅटरी जुनी, लॅपटॉप धाडकन बंद. सुरू केला तर स्क्रीनवर 'अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली' (म्हणजे डिस्कवर गडबड आहे, एफएससीके ही तपासणीची कमांड स्वतः चालवा) आणि खाली शेल, म्हणजे कमांड टाईप करायची जागा, कुठला हवा ते विचारणारी ओळ. नेट नाही, फोनला रेंज नाही. एंटर मारून शेलमध्ये गेलो, रूट आणि यूएसआर हे लहान भाग आधी तपासून माउंट केले, म्हणजे वापरायला जोडले, एवढं झालं की मॅन कमांड हाताशी येते, मग एफएससीके-एफएफएसचं, म्हणजे याच तपासणीचं पान उघडून निवांत वाचलं. होमवर चालवल्यावर तो जे प्रश्न विचारतो, हे क्लिअर करू का, हे रीकनेक्ट करू का, ते कशाबद्दल आहेत हे पानावर एकेक करून दिलंय. शेवटी एक हिशेबाची शीट जागेवर नव्हती, ती लॉस्ट-प्लस-फाउंड फोल्डरमध्ये मिळाली, नाव पुसलं गेलेलं, नुसता हॅश (#) आणि पुढे आयनोडचा, म्हणजे डिस्कवरच्या फाईलच्या नोंदीचा, नंबर. फाईल नावाची कमांड लावली तर तिने लगेच ओळखलं की ही स्प्रेडशीट आहे, लिब्रेऑफिसमध्ये उघडली, आकडे सगळे शाबूत. भाग वेगळे होते म्हणून गोंधळ फक्त होममध्ये झाला, सिस्टीमला धक्का नाही.

याचीच दुसरी बाजू पण सांगायला हवी. यांच्या फाईलसिस्टीमला जर्नल (डिस्कवरच्या बदलांची आधी नोंद ठेवणारी वही) नाही, म्हणजे लाईट गेल्यावर लिनक्स जसं दोन सेकंदात सावरून उभं राहतं तसं इथे होत नाही, पूर्ण तपासणी होते आणि मोठ्या डिस्कला चांगलाच वेळ लागतो. गोव्यात ही वापरायची तर यूपीएस किंवा बरी बॅटरी हवीच, यावर वाद नाही.

आता नवीन माणूस हमखास अडकतो ती जागा. सरकारी पोर्टलवर पीडीएफ चढवायची असते, फायरफॉक्समध्ये अपलोड दाबलं तर डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामा किंवा उघडतच नाही. लोकांना वाटतं सिस्टीम बिघडली. बिघडलेली नसते. २०१८ मध्ये ६.४ व्हर्जनपासून अनव्हेल नावाची सोय आहे, प्रोग्रॅमला डिस्कचा फक्त ठराविक भाग दिसतो, आणि फायरफॉक्सला तुमच्या फाईल्सपैकी डाउनलोड्सच दिसतं. एखाद्या भामट्या वेबसाईटने ब्राउझर फोडला तरी तुमच्या बाकीच्या कागदपत्रांपर्यंत हात पोचू नये म्हणून. फाईल डाउनलोड्समध्ये कॉपी करा आणि चढवा, झालं काम. हे पण मशीनमध्येच लिहिलेलं आहे, यूएसआर-लोकल-शेअर-डॉकच्या खाली पीकेजी-रीडमी म्हणून फोल्डर आहे, तिथे फायरफॉक्सची फाईल वाचा. तसंच प्लेज, ते २०१६ च्या ५.९ पासून, प्रोग्रॅम सुरू होतानाच कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, सांगून ठेवतो की मी एवढंच करीन, त्याच्याबाहेर पाऊल टाकलं की कर्नल त्याला तिथेच मारतो. मला ही कल्पना फार आवडते.

म्हापश्याच्या फार्मसीत पीएफ ही फायरवॉल (नेटवरून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारी) आहे, २००१ पासून ओपनबीएसडीत आहे, नंतर फ्रीबीएसडी आणि मॅकवाल्यांनीही घेतली. नियम वाचायला इतके साधे की भावाला कॉम्प्युटरचं विशेष काही कळत नाही पण तोसुद्धा फाईल बघून अंदाज बांधतो. एकच लक्षात ठेवायचं, नियमात क्विक हा शब्द लिहिलेला नसेल तर शेवटी जुळलेला नियम लागू होतो. चवथीच्या आधी ऐन गर्दीत कार्डाचं मशीन पैसे घेईना. ब्लॉकच्या नियमाला लॉग जोडलेलं होतं, त्यामुळे पीएफलॉगवर (पीएफच्या नोंदींवर) टीसीपीडम्प ही बघायची कमांड लावल्याबरोबर कुठल्या नंबरच्या नियमाने कुठलं पोर्ट अडवलं ते समोर धडाधड येऊ लागलं. एक पासची ओळ वाढवली, पीएफसीटीएल या पीएफच्या कमांडला एन देऊन नुसती तपासणी केली, मग लोड. काउंटरवरचं गिऱ्हाईक उभं होतं तोवर काम झालं.

डेव्हलपमेंटबद्दल. मला वाटायचं कर्नलला हात लावणं म्हणजे मोठमोठ्या लोकांचं काम. स्वस्तातला यूएसबी-लॅन अ‍ॅडॅप्टर घेतला होता, लावला की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) यूजेन म्हणून दिसायचा, म्हणजे उपकरण सापडलं पण त्याचा ड्रायव्हर कोण हे सिस्टीमला ठाऊक नाही. आत चिप एसिक्सची होती, तिचा ड्रायव्हर अ‍ॅक्सेन आधीपासून आहे, फक्त या कंपनीचा आयडी त्याच्या यादीत नव्हता. यूएसबीडेव्ह्ज कमांडला व्ही देऊन व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे घेतले, सोर्समधल्या यूएसबीडेव्ह्ज फाईलमध्ये नोंद घातली, तिथेच मेक चालवून हेडर फाईल्स तयार केल्या, ड्रायव्हरच्या यादीत एक ओळ, कर्नल बांधला, रीबूट. अ‍ॅक्सेन शून्य! म्हणजे ड्रायव्हर लागला. केबल लावली आणि आयपी मिळाला. त्या क्षणी जो आनंद झाला तो शब्दात सांगता येत नाही. डिफ, म्हणजे कोडमध्ये केलेला बदल, साध्या मेलमध्ये पाठवला, उत्तर आलं की नोंद वर्णक्रमाने लावा आणि पूर्ण डीमेसेज द्या, बस्स, कौतुक नाही की फालतू गप्पा नाहीत. काही जणांना हा स्वभाव रुक्ष वाटतो, मला उलट बरं वाटलं, कारण बोलणं फक्त कोडबद्दल होतं. दुरुस्त करून पाठवला, तो आत गेला. पुढच्या व्हर्जनमध्ये तो अ‍ॅडॅप्टर कोणीही लावला तर आपोआप चालतो.

काय चालत नाही ते पण नीट वाचा, नंतर मला बोलू नका. ब्लूटूथ नाही, २०१४ मध्ये काढूनच टाकलं. ओटीटीचे सिनेमे नाहीत कारण त्यांचं कुलूप उघडणारं वाइडवाइन नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर विसरा. सीए लोकांचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन चालत नाही, त्याचे ड्रायव्हर कंपन्या विंडोज, मॅक, लिनक्ससाठीच देतात, माझ्या कामात हे सगळ्यात जास्त टोचतं आणि त्यासाठी घरात दुसरं मशीन ठेवावं लागतं. हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरचा एक कोर दोन असल्यासारखा वापरणं) सुरक्षेसाठी मुळात बंद असतं त्यामुळे जुनी मशीनं थोडी मंद वाटतात. मराठी मात्र छान आहे, नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं आणि कीबोर्डला भारतीय लेआउट जोडला की ब्राउझर आणि लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात, फक्त एक्सटर्म या कमांडच्या खिडकीत देवनागरी तुटते, तिथे फाईलची नावं मराठीत ठेवू नका.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या टोकनसाठी आणि जर्नलसाठी कापला. घ्यायचं ठरवलंत तर इंटेलचं वायफाय असलेला थिंकपॅड बघा, ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर आधी चौकशी करा, आणि इन्स्टॉलच्या वेळी लॅनची केबल लावून ठेवा कारण वायफायचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) नंतर नेटवरूनच उतरतं. आणि आवडली तर ओपनबीएसडी फाउंडेशनला जमेल तेवढे पैसे पाठवा. २०१४ च्या सुरुवातीला सर्व्हरचं वीजबिल भरायला २० हजार डॉलर कमी पडत होते आणि प्रोजेक्ट बंद पडायची पाळी आली होती, लोकांनी पैसे दिले म्हणून तो टिकला.