कस्टम वॉटर कूलिंग, वर्षभराच्या वापरानंतर: प्रोसेसर तापला की आधी पाणी किती गरम आहे ते बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं ऑफिस आहे, काम कास्टिंग सिम्युलेशनचं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांकडनं पार्टचं मॉडेल येतंय, मेटल साच्यात कसं भरतंय, कुठला भाग आधी गोठतोय, श्रिंकेज (गोठताना धातू आकसून पडणारी पोकळी) कुठं येणार हे आम्ही कॉम्प्युटरवर आधी बघून देतो. असा एक रन लावला की सोळाच्या सोळा कोर पाच-सहा तास फुल्ल लोडवर, कधी कधी रात्रभर. गेमिंगमध्ये लोड वरखाली होत असतोय, इथं तो खाली येतच नाही, त्यामुळं कूलिंग खरं किती चांगलं आहे ते लगेच कळतंय. वर्षाच्या वर झालं हे मशीन वापरून, मधे दोनदा टेंपरेचरचा त्रास झाला आणि दोन्ही वेळेला कारण वेगळं निघालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मशीन. वॉटर कूलिंग म्हणजे पंपानं पाणी फिरवत ठेवायचं, प्रोसेसरवर बसवलेल्या ब्लॉकमध्ये ते उष्णता घेतंय आणि रेडिएटरमध्ये पंख्यांच्या हवेनं गार होतंय, या सगळ्या चक्राला लूप म्हणतात. प्रोसेसर एएमडीचा रायझन 9 7950एक्स, केसच्या वरच्या बाजूला 360 मिलिमीटरचा कॉपर रेडिएटर आणि त्याला खालनं वर हवा ढकलणारे तीन पंखे, डी5 पंप, निकेल प्लेटिंगचा कॉपर ब्लॉक त्यावर ॲक्रिलिकचं झाकण, मऊ पारदर्शक ट्यूब आणि किटबरोबर आलेला रंगीत कूलंट (लूपमध्ये फिरणारं तयार पाणी). ग्राफिक्स कार्ड लूपमध्ये नाही.

या प्रोसेसरबद्दल एक गोष्ट पहिल्यांदा सांगायला पाहिजे, कारण निम्मे लोक तिथंच घाबरतात. 7950एक्स हा 2022 ला आलेला, 170 वॅट टीडीपीचा (कूलिंगसाठी कंपनी सांगते तो उष्णतेचा आकडा), पण प्रत्यक्षात त्याची पॉवर लिमिट 230 वॅट आहे, आणि फुल्ल लोडला 95 डिग्रीपर्यंत जाणं हे एएमडीनं डिझाइनमध्येच धरलेलं आहे. एकतर 95 डिग्री येतात नाहीतर 230 वॅट येतात, जे आधी येईल तिथपर्यंत तो स्पीड वाढवतोय. त्यामुळं नुसतं 95 दिसलं म्हणजे बिघाड झाला असं नाही. बघायचं काय, तर त्या 95 ला तो वॅट किती खातोय आणि क्लॉक (स्पीड) किती आहे. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दिसतात. 95 डिग्री आणि 230 वॅट असेल तर एकवेळ ठीक, पण 95 डिग्री आणि 185 वॅट असेल तर उष्णता कुठंतरी अडकलीय हे नक्की, मग शोधायला लागायचं.

आणि कुठं अडकलीय ते शोधायला माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पाण्याच्या टेंपरेचरचा सेन्सर. जी 1/4 थ्रेडचा साधा 10के थर्मिस्टर असतोय, फिटिंगसारखा लूपमध्ये बसवायचा आणि दोन पिनची वायर मदरबोर्डला लावायची, बऱ्याच चांगल्या बोर्डवर त्याची जागा असते. एवढा पैसा घालून लूप बांधणारे लोक नेमका हाच वगळतात आणि मग वर्षभर अंदाजपंचे पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉकच्या मधे लावतात ती) बदलत बसतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. सेन्सर असला की तुमच्याकडं दोन फरक येतात. एक, खोलीपेक्षा पाणी किती गरम आहे. दोन, पाण्यापेक्षा प्रोसेसर किती गरम आहे. पहिला फरक वाढला तर दोष रेडिएटर, पंखे, हवेचा रस्ता यांच्यात. दुसरा वाढला तर दोष ब्लॉक, पेस्ट, बसवणी किंवा पाण्याचा फ्लो यांच्यात. मशीन नवीन असताना माझं रीडिंग असं होतं: खोली 27, पाणी 36, प्रोसेसर 87, पॉवर 230 वॅट. म्हणजे फरक 9 आणि 51. हे आकडे पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहून केसच्या आतल्या बाजूला चिकटवलेत आणि पुढं दोन्ही वेळेला त्यांचाच उपयोग झाला.

रीडिंग घेताना लोड निदान अर्धा तास चालू पाहिजे. 1 लिटर पाणी 1 डिग्रीनं तापायला जवळजवळ 4,180 जूल लागतात, त्यामुळं पाणी हळूहळू चढतंय, पाच मिनिटाचा बेंचमार्क लावून "माझं टेंपरेचर मस्त आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही, पाणी तोपर्यंत पूर्ण तापलेलंच नसतंय. याच हिशोबानं अजून एक गैरसमज जातो. मिनिटाला 1 लिटर एवढा कमी फ्लो असला तरी 230 वॅटला ब्लॉकमधनं जाताना पाणी फक्त सव्वातीन-साडेतीन डिग्रीनं तापतंय, आणि एरवी फ्लो याच्यापेक्षा बराच जास्त असतोय. म्हणजे आधी रेडिएटर की आधी ब्लॉक, सेन्सर इथं की तिथं, यानं फारसं बिघडत नाही. ट्यूब जिथनं सरळ आणि छोटी जाईल तिथनं न्या.

आता पहिला त्रास. दिवाळीच्या आसपास लक्षात आलं की ओळखीच्या साइजचा रन नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतोय. बघितलं तर खोली 26, पाणी 34, प्रोसेसर 95 आणि पॉवर 185 वॅट. पार्टनर म्हणाला "भावा, पेस्ट बदल की, लई विचार करू नको". दुकानात विचारलं तर प्रोसेसरच गेला असणार, वॉरंटीत टाका असं सांगितलं. पण आकडे बघा, खोली ते पाणी फरक 8, म्हणजे रेडिएटर व्यवस्थित काम करतोय. पाणी ते प्रोसेसर मात्र 61, आणि तेसुद्धा कमी वॅटला. उष्णता पाण्यात उतरतच नव्हती. पंप बंद पडला असता तर प्रोसेसर काही सेकंदातच वर गेला असता, इथं तसं नव्हतं, पंपाचा आरपीएमसुद्धा पहिल्याएवढाच होता. पण रिझर्वॉयरमध्ये (पाण्याच्या टाकीत) परत येणारी धार बारीक झाली होती, ते डोळ्यांनी दिसत होतं. आरपीएम बरोबर आणि धार बारीक, म्हणजे वाटेत कुठंतरी चोंदलंय.

ब्लॉक काढला. पेस्ट पातळ आणि सगळीकडं सारखी पसरलेली, तिथं काहीच दोष नाही. मग ब्लॉकचे स्क्रू खोलले. आत कॉपरच्या एकदम बारीक पात्या असतात, दोन पात्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि वरनं एका चिरेतनं पाणी बरोबर मधोमध पडतंय. मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं तर त्या मधल्या पट्ट्यात बासुंदीवर धरलेल्या सायीसारखा चिकट पांढुरका थर, त्यात कूलंटचा रंग अडकलेला. कडेच्या पात्या स्वच्छ होत्या, आणि जिथं पाणी पहिल्यांदा पडतंय तोच भाग बुजलेला.

हा थर ट्यूबमधनं आला होता. मऊ पारदर्शक पीव्हीसी ट्यूब मऊ राहावी म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतंय, गरम कूलंट सतत फिरलं की ते हळूहळू सुटतंय आणि सगळ्यात बारीक जागी जाऊन बसतंय. ट्यूब हातात घेतली तर दुधाळ झालेली आणि पहिल्यापेक्षा कडक. किट कुठल्या कंपनीचं ते लिहित नाही, असल्या ट्यूबला हा प्रकार कुठंही होऊ शकतोय.

साफ करायला कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि मऊ टूथब्रश, पात्यांच्या दिशेनंच घासायचं, आडवं घासलं तर पात्या वाकतात. ॲक्रिलिकच्या झाकणाला स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) अजिबात लावू नका, त्यानं ॲक्रिलिकला बारीक तडे जातात आणि पुढं तिथनंच गळती सुरू होते. ओ-रिंग खाचेत नीट बसलीय का ते बोट फिरवून बघायचं, स्क्रू तिरके-समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. शेवटी सगळा लूप डिस्टिल्ड वॉटरनं धुवून काढला.

ट्यूब बदलून काळी ईपीडीएम रबरची घेतली आणि कूलंट बिनरंगाचा, त्यात गंज आणि शेवाळ न धरायचं औषध आधीच असतंय. दिसायला एकदम साधं झालं, आधी काचेतनं रंगीत पाणी दिसायचं ते गेलं, पण काम करणाऱ्या मशीनला मी आता हेच लावायला सांगतो. आरओचं पाणी चालेल का असं बरेच जण विचारतात, नको, त्यात थोडे क्षार राहतातच. आणि कॉपरच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर कधीच जोडू नका, स्वस्तात मिळाला तरी. दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खात जातंय, आपल्या कोल्हापुरात फौंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

परत भरताना मशीनला पॉवर न देता फक्त पंप चालवून, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर सोडलं. पहिले एक-दोन दिवस हवेचे बुडबुडे ब्लॉकमध्ये अडकतात आणि रीडिंग चार-पाच डिग्री जास्त येतंय, केस पुढं-मागं कलवून ते रिझर्वॉयरकडं काढावे लागतात. त्यानंतर फरक परत 9 आणि 51.

दुसरा त्रास एप्रिलमध्ये. बाहेर 38-39 आणि आमच्या ऑफिसवर पत्रा, त्यामुळं दुपारी खोलीत 36. रन लावला तर पाणी 53, प्रोसेसर 95, पॉवर 190 वॅट. यावेळी पाणी ते प्रोसेसर 42 म्हणजे त्या वॅटला अगदी बरोबर, पण खोली ते पाणी 17. बाहेरनं रेडिएटर चकाचक दिसत होता. पंखे खालनं वर ढकलतात म्हणजे धूळ पंखा आणि रेडिएटरच्या मधे अडकते, आणि पंखे काढल्याशिवाय ती जागा दिसतच नाही. पंखे काढले तर काळपट राखाडी थर, पात्यांच्या फटी जवळजवळ बंद. उद्यमनगरात घरातल्यासारखी कापसाळ धूळ नसते, ग्राइंडिंगचा चुरा आणि बारीक वाळू असते, ती जडही असते आणि ग्राइंडिंगच्या चुऱ्यात लोखंड असल्यानं बोर्डवर पडली तर शॉर्टचीही भीती. रेडिएटरवर वरनं खाली, म्हणजे हवेच्या उलट दिशेनं ब्लोअर मारला, राहिलेलं रंगाच्या मऊ ब्रशनं काढलं. पंख्यांना ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भलत्याच स्पीडनं फिरून बेअरिंग खराब होतंय. नंतर शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं ॲल्युमिनियमची चौकट करून नायलॉनची जाळी केसच्या पुढं बसवून घेतली, ती आठवड्याला काढून झटकायची एवढंच काम.

पाणी 53 ला जाणं मला प्रोसेसरपेक्षा जास्त खटकलं. बहुतेक पंप आणि ट्यूब पाण्याच्या 60 डिग्रीपर्यंतच चालवा असं सांगतात.

साफ केल्यावर फरक परत 9 वर आला, पण खोलीच 36 असेल तर 36 अधिक 9 अधिक 51 म्हणजे 96, सरळ बेरीज आहे. सगळं नवंकोरं असलं तरी दुपारी हा प्रोसेसर पूर्ण 230 वॅट खाऊ शकत नाही, कारण पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये बायोसमधनं (मदरबोर्डच्या सेटिंगमधनं) 105 वॅटचा इको मोड लावतोय, त्यात खरी लिमिट 142 वॅट होते. दोन्ही फरक त्याच प्रमाणात उतरतात, प्रोसेसर 73-74 ला राहतोय आणि पाच तासाच्या रनला साधारण वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात. मला हा सौदा एकदम पटला.

पावसाळ्यात, जुलैमध्ये आठवडाभर कपडे वाळत नाहीत अशा हवेत, ट्यूबवर दव धरून बोर्डवर पाणी पडेल का ही शंका बऱ्याच जणांना असते. नाही पडणार. दव खोलीपेक्षा गार वस्तूवर धरतंय, आणि आपलं पाणी खोलीपेक्षा नेहमी गरमच असतंय.

पंख्यांचा स्पीड मी प्रोसेसरच्या टेंपरेचरवर न ठेवता पाण्याच्या टेंपरेचरवर लावलाय, फाइल उघडली की घर्र करून वाढायचं आणि लगेच उतरायचं ते पूर्ण बंद झालं.

आता अजून एक रेडिएटर वाढवू का असं जे विचारतात त्यांच्यासाठी. दुसरा 360 लावला तर माझा 9 चा फरक पाचच्या आसपास येईल, 51 आहे तिथंच राहील. 240 च्या छोट्या रेडिएटरवर भागवलं तर 9 चे तेरा-चौदा होतील. मोठा आकडा पाणी आणि प्रोसेसरच्या मधे आहे, कारण या प्रोसेसरमध्ये कोरच्या दोनच छोट्या चिप आहेत, साधारण 70 चौरस मिलिमीटरच्या, आणि त्याही मधोमध नसून एका कडेला, त्यामुळं ब्लॉकचा मधला भाग बरोबर त्यांच्यावर येत नाही. ब्लॉक त्या बाजूला सरकवणारे ऑफसेट ब्रॅकेट मिळतात, आणि बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझरनं व्होल्टेज थोडं उतरवता येतंय. पैसे घालायचेच असतील तर मी तिथं घालीन, ब्रॅकेट मागवलाय, पुढच्या उन्हाळ्याआधी बसवून त्याच कागदावर नवीन आकडे लिहिणार आहे.