डावं घरी, उजवं गॅरेजात: व्हील बेअरिंगचा वर्षभराचा अनुभव

परवा उजव्या पुढच्या चाकातून पुन्हा तोच घोंगावणारा आवाज सुरू झाला, म्हणून लिहायला बसलो. गाडी 2014 ची स्विफ्ट, पेट्रोल, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. डावं बेअरिंग (चाक मोकळं फिरावं म्हणून आत बसवलेलं गोळ्यांचं कडं) मी गेल्या पावसाळ्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदललं. उजवं दिवाळीच्या सुमारास गॅरेजमध्ये टाकून घेतलं, कारण तेव्हा हातात वेळ नव्हता. डाव्याने पुण्यातला अख्खा पावसाळा, खड्डे, गुडघाभर तुंबलेलं पाणी, सगळं सोसलं आणि आजही हूं की चूं नाही. नंतर टाकलेलं उजवं मात्र आधी गेलं.

बेअरिंग गेल्याचं ओळखायचं कसं हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरी एक सांगतो. चाक 12 आणि 6 वाजताच्या जागी धरून हलवलं की प्ले (सैलपणा) लागतो, असं सगळे म्हणतात. माझ्या डाव्या चाकाला प्ले अजिबात नव्हता. पण साठच्या वेगाला उजवं वळण घेतलं की डाव्या बाजूवर भार यायचा आणि आवाज वाढायचा. गाडी जॅकवर घेऊन एका हाताने चाक फिरवलं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला, तर बोटांना बारीक खरखर स्पष्ट लागली. याच आवाजासाठी एका सर्व्हिस सेंटरने मला चारही टायर बदलायला सांगितले होते! टायर निम्मेही झिजले नव्हते. स्प्रिंगवर हात ठेवून बघायचे कष्ट तिथे कोणी घेतले नाहीत, याचा राग अजून आहे.

काम सोपं नाही, पण अवघडही नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, घोडी (जॅक स्टँड) लावायचीच. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेकच्या पाइपावर लोंबकळू द्यायचा नाही. स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाचे) बोल्ट सोडण्याआधी खूण करून ठेवायची आणि तरीही शेवटी अलाइनमेंट करून घ्यायची. माझा सगळ्यात जास्त वेळ आतल्या रिंगने खाल्ला. हब (चाक ज्यावर बसवतात तो भाग) बाहेर आला तेव्हा बेअरिंगची आतली अर्धी रिंग त्यालाच चिकटून आली. ग्राइंडरने हबला धक्का न लावता तिला तिरपी खाच पाडली, खाचेत छिन्नी ठेवून एक घाव घातला, तेव्हा कुठे ती टक्क करून तडकली. त्या रिंगवर गोळ्यांच्या वाटेत नखाएवढा पोपडा उडालेला होता, आणि ग्रीसचा गंजाच्या रंगाचा चिखल झाला होता. म्हणजे सीलमधून पाणी आत गेलेलं.

नवं बेअरिंग चांगल्या कंपनीचं, पक्क्या बिलावर, दीड हजाराच्या आत मिळालं. बसवताना नियम एकच: नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या चाकामागच्या लोखंडी भागात) दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर, आणि हब दाबताना आतल्या रिंगला खालून आधार. चुकीच्या रिंगवर जोर दिला की तो गोळ्यांमधून जातो, रिंगवर खळगे पडतात आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. हातोडा तर नकोच. एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना एबीएस असतंच, आणि बऱ्याच गाड्यांत त्याची चुंबकी पट्टी बेअरिंगच्या सीलमध्येच असते. ती बाजू सेन्सरकडेच आली पाहिजे.

मी ऑनलाइन घेतलेल्या स्क्रूच्या प्रेस किटने दाबलं. सुरुवातीचे काही महिने मी सगळ्यांना तेच किट घ्यायला सांगत होतो. आता मत बदललंय. शेजारच्या काकांच्या वॅगनआरला तेच किट वापरताना बेअरिंग जरा तिरपं शिरायला लागलं, बाहेर काढून पुन्हा सरळ धरावं लागलं. त्यापेक्षा नकल काढून लेथवाल्याकडे न्यावं. तो हायड्रॉलिक प्रेसवर पाच मिनिटांत, किटच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत दाबून देतो. काढणं-जोडणं मात्र घरीच करावं, आणि ते का, तर नटासाठी.

ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा नट. बेअरिंगच्या दोन आतल्या रिंगा एकमेकींवर किती दाबून राहणार, हे हा नट ठरवतो. तो सैल असला तर रिंगांमध्ये फट पडते आणि बेअरिंग कितीही उत्तम असलं तरी मरतं. नट फिरू नये म्हणून त्याची कॉलर ठोकून शाफ्टच्या खाचेत बसवतात. एकदा वाकवलेली कॉलर पुन्हा तितकी धरत नाही, म्हणून नट दरवेळी नवाच लावायचा. मी नवा लावला, मुलाला ब्रेक दाबून बसायला सांगितलं आणि चाक जमिनीला टेकायच्या आधी मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्ह्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्ह्याने) आवळला.

परवा उजवी व्हील कॅप काढली. कॉलरवर दोन घाव: एक जुना, गंजलेला, खाचेपासून सरकलेला, दुसरा अर्धवट, खाचेपर्यंत न पोचलेला. टॉर्क पान्हा लावला तर ठरलेल्या आकड्याच्या बऱ्याच आधी नट फिरला. म्हणजे नट जुनाच, आणि तोही सैल. गॅरेजच्या बिलात नव्या नटाचे पैसे लावलेले आहेत. बिल घेऊन गेलो तर मालक म्हणाला, "साहेब, जुना नट चालतो, आम्ही सगळ्यांना तोच लावतो." मग बिलात नट कशाला लिहिलात, विचारलं, तर "सिस्टिममधून आपोआप येतो." नटाचे पैसे परत मिळाले, मजुरीचे आणि बेअरिंगचे नाहीत. शंभरेक रुपयांच्या नटापायी माझं दीड हजाराचं बेअरिंग गेलं आणि हायवेवर चाकाचा धोका पत्करला तो वेगळाच.

गॅरेजमधून बेअरिंग बदलून आणणार असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच व्हील कॅप काढायला लावा. नट चकचकीत आणि कॉलरवर एकच ताजा घाव दिसला तरच पैसे द्या. माझं उजवं या रविवारी उघडतोय. नट आणून ठेवलाय, नकल लेथवाल्याकडे जाईल.