अॅल्युमिनियमची फोल्डिंग व्हीलचेअर: एक पावसाळा आणि एका थीम पार्कनंतर

मागची चाकं बटण दाबलं की निघतात, एवढ्यासाठी ही खुर्ची घेतली. आमच्या गाडीला सीएनजी आहे, म्हणजे निम्मी डिकी सिलिंडरची. जुनी लोखंडी खुर्ची वीस किलोच्या आसपास होती. ती मागच्या सीटवर ऐसपैस बसायची आणि मुलगी कोपऱ्यात अंग चोरून. नवी साधारण तेरा किलोची आहे. चाकं काढली की सांगाडा सिलिंडरच्या पुढ्यात उभा राहतो आणि बायको एकटी तो चढवते-उतरवते. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच साचा तीन-चार नावांनी विकला जातो. दुकानात ‘चाकं क्विक रिलीज, खुर्चीचे हात वर उचलले जाणारे’ एवढं सांगितलं की कळतं.

माझी इजा मणक्याला, टी-५ ला, म्हणजे छातीमागच्या पाचव्या मणक्याला. छातीखाली संवेदना नाही, पोटाच्या स्नायूंचा आधार नाही, लघवी कॅथेटरनं, म्हणजे नळी घालून. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो, त्यामुळे दिवसातले दहा-बारा तास याच खुर्चीत जातात.

सपाट फरशीवर खुर्ची सुरेख पळते. रंकाळ्याच्या काठानं मी कुणाला हात लावू देत नाही. भवानी मंडपाच्या बाजूला मात्र दगडी फरसबंदी आली की पुढची छोटी चाकं फटीत अडकतात आणि माणूस पुढं झुकतो. माझ्यासारख्या पोटात जोर नसलेल्यानं छातीला पट्टा लावल्याशिवाय तिकडं जाऊ नये. पुढची चाकं आठ इंची मिळत असतील तर तीच घ्या, सहा इंची दिसायला नाजूक आणि वागायलाही नाजूक.

पावसाळ्यात चिखलानं पुढच्या चाकांची बेअरिंग कुरकुरायला लागली. विक्रेत्याच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवा माणूस आणि नवा तक्रार क्रमांक. शेवटी उद्यमनगरातल्या एका पोरानं चाक हातात घेऊन फिरवलं, म्हणाला, “दादा, हे स्केटिंगच्या चाकाचं बेअरिंग हाय की,” आणि चहा येईपर्यंत बदलून दिलं. इंजिनाचे सुटे भाग ओतणाऱ्या गावात राहण्याचा एवढा तरी फायदा!

ब्रेकबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. या ब्रेकचा दांडा टायरवर दाबून बसतो, म्हणजे टायरमधली हवा कमी झाली की ब्रेक लावलेला दिसतो पण खुर्ची सरकते. पलंगावरून खुर्चीत येताना हे झालं तर थेट जमिनीवर. दर रविवारी हवा, आणि सायकलवाल्याचं तोंड पंक्चरच्या आधीच ओळखीचं असलेलं बरं. सोबत आलेली फोमची गादी पहिल्याच आठवड्यात बाजूला टाकली आणि हवेच्या कप्प्यांची घेतली. ज्याला खाली कळत नाही, त्यानं जखम कशी होते ते शिकण्यापेक्षा गादीवर पैसे घालावेत.

आता थीम पार्क. मुलीनं दिवाळीआधीपासून खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा नाद लावला होता. कोल्हापूरहून खोपोली सुमारे तीनशे किलोमीटर, त्यामुळे आदल्या दिवशी निघून मुक्काम. हॉटेलवाल्यांना फोनवर ‘व्हीलचेअर चालेल का’ विचारलं तर सगळे ‘हो’च म्हणतात. मी ‘बाथरूमच्या दाराची रुंदी टेपनं मोजून सांगा’ म्हणायचो. दोघांनी फोन ठेवला, तिसऱ्यानं खरंच मोजली. माझी खुर्ची बाहेरून बाहेर पंचवीस इंच आहे, आणि चोवीस इंची दाराला सौजन्याचा काही उपयोग नाही.

पार्कबद्दल आधी तीन गोष्टी विचारून घ्या, कुठलंही पार्क असो. राइडच्या आसनावर मला कोण बसवणार? बहुतेक ठिकाणी कर्मचारी उचलत नाहीत, स्वतः सरकायचं किंवा सोबतच्यानं सरकवायचं. आसन खुर्चीपेक्षा किती वर किंवा खाली आहे? आणि राइड मध्येच बंद पडली तर उतरायचं कसं, कारण तिथं जिना असतो, रॅम्प नाही. या तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याच राइड यादीतून आपोआप गळतात. खुर्चीचा हात वर उचलला जातो याची खरी किंमत इथं कळली: ती आसनाला चिकटवून लावली, मेहुण्यानं गुडघे धरले आणि मी सरकलो. जुन्या खुर्चीचे हात पक्के होते, तीत हे जमलंच नसतं.

नायट्रोवर मी काट मारली. तो फ्लोअरलेस कोस्टर आहे, पायाखाली काहीच नसतं, आणि माझे पाय स्पॅझम, म्हणजे स्नायूंचा झटका, आला की वाटेल तसे उडतात. नुसता मांडीवरचा बार असलेल्या राइडही नको, कारण वळणावर मला कमरेवरचं अंग सावरत नाही. मी संथ राइड आणि बसून बघायचे खेळ घेतले. बाकी ठिकाणी मुलगी मामाबरोबर, मी सावलीत. त्यात दुःख नव्हतं, भजी होती.

वेळापत्रक मात्र राइडचं नव्हतं, कॅथेटरचं होतं. दर चार तासांनी, काहीही झालं तरी. टी-६ ला किंवा त्याच्या वर इजा असेल तर मूत्राशय भरून राहिलं की रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागलं तर ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे आणि आधी लघवी मोकळी करायची, नाहीच उतरलं तर दवाखाना. हे मेहुण्याला तोंडपाठ करून घेतलं, खिशात मराठी-इंग्रजी चिठ्ठीही ठेवली. हायवेवरच्या एका ढाब्यात दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात फिनाईलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या निघाल्या, म्हणून गाडीत पडद्याला जुनी चादर असतेच. कॅथेटर, जेली आणि औषधांची पिशवी वेगळी ठेवा, वर डॉक्टरांचं पत्र. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मूळच न्या. छातीखाली घामाचं गणित बिघडलेलं असतं, म्हणून मे महिन्यात तर नकोच. आम्ही थंडीत गेलो, तरी पाण्याचा फवारा आणि ओला टॉवेल लागला.

एक गोष्ट फिजिओथेरपिस्टनं सांगितली नसती तर सुचली नसती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, खोपोली घाटाच्या पायथ्याला. खाली उतरलं की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि हवेची गादी किंचित बसते. खोपोलीत पोचल्यावर हात खाली घालून पाहिलं, हाड जवळपास टेकत होतं. दोन फुंकर मारल्या. परतताना घाट चढून आल्यावर थोडी हवा सोडली.

स्वतःच्या हातानं खुर्ची चालवणाऱ्यानं आणि गाडीत रोज ने-आण करणाऱ्यानं घ्यावी. खेड्यात, शेताच्या वाटेला राहणाऱ्यानं नाही. उलटी पडू नये म्हणून मागं लावायची अँटी-टिपर चाकं सोबत येत नाहीत. ती उद्यमनगरातच बनवायला टाकलीत, बसली की जोतिबाच्या वाटेवरच्या चढाला आधी तपासणार.