सांत्वनाचा मेसेज चॅटबॉटकडून: ऑफिसला चालतो, घरच्यांत उघडा पडतो

ऑफिसच्या कामाला पाचपैकी चार गुण, जवळच्या माणसाला दीड.

चॅटबॉटला 'मित्राचे वडील वारले, मेसेज लिहून दे' एवढंच सांगितलं की शोकसभेतलं भाषण हातात पडतं. 'या कठीण प्रसंगी', 'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो', आणि ज्याच्याशी शाळेपासून अरे-तुरे, त्याला थेट 'आपण'! वर वडिलांचं 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' पदरचं घातलेलं. वडील तापट असतील तर मित्र तिथेच ओळखतो.

उपाय म्हणजे माहिती भरपूर द्यायची. नातं काय, घरात हाक कशी मारत (नाना, अण्णा, काका), एक खरी आठवण, आणि आपण नेमकं काय करणार: दहाव्याला येणार, की बँकेच्या कागदपत्रांसाठी सोबत जाणार. मग अट घाला: 'तू म्हणून लिही, बोलीभाषेत, चाळीस शब्दांत, माहीत नसलेलं काही घालू नकोस.' एवढं केल्यावर मसुदा बरा येतो. (एवढं सुचल्यावर मेसेज स्वतःच लिहून होतो, ही गोष्ट वेगळी.)

मग यंत्राच्या सहानुभूतीचं एवढं कौतुक का होतं? 2023 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या 195 आरोग्यविषयक प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरं ताडून पाहिली. सहानुभूतीपूर्ण ठरली चॅटबॉटची 45.1 टक्के, डॉक्टरांची 4.6 टक्के. पण डॉक्टरांचं उत्तर सरासरी 52 शब्दांचं होतं, चॅटबॉटचं 211. शिवाय गुण देणारे आरोग्य क्षेत्रातले तज्ज्ञ होते, स्वतः रुग्ण नव्हते, आणि कोणतं उत्तर कुणाचं हे त्यांना सांगितलेलं नव्हतं.

सांगितलं की चित्र पालटतं. जीपीटी-3 या भाषा-मॉडेलच्या मदतीने लिहिलेले मेसेज सुमारे 4,000 लोकांपर्यंत पोहोचवल्याचं 'कोको' या मानसिक आधार देणाऱ्या सेवेने 2023 च्या सुरुवातीला जाहीर केलं. पाठवण्याआधी माणूस नजर टाकत होता. गुण चांगले मिळाले. पण यात यंत्राचा हात आहे हे कळल्यावर परिणाम ओसरला, असं संस्थापकांनीच सांगितलं.

म्हणून उशिरा आलेल्या पार्सलबद्दल ग्राहकाची माफी मागायला खुशाल वापरा. तिथे कुणी मायेची अपेक्षा धरत नाही. फक्त कॉपी करताना वरची 'हा घ्या मसुदा' आणि खालची 'आणखी बदल हवेत का?' ही ओळ काढा. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजने मिशिगनमधल्या गोळीबारानंतर विद्यार्थ्यांना धीर देणारा ईमेल पाठवला. त्याच्या तळाशी चॅटजीपीटीचा उल्लेख तसाच छापून गेला, आणि कॉलेजला माफी मागावी लागली.