हाय-व्होल्टेज कपॅसिटरसाठी ओएचपी शीट: डीसीला उत्तम, टेस्ला कॉइलला नको

घरी कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) बनवायला 100 मायक्रॉनची साधी ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक पॉलिएस्टर शीट घ्या. इंकजेटवाली नको, तिचा खरबरीत लेप ओल धरतो. ए4 शीटवर 17 × 25 सेंमी फॉइल, चारही कडांना 2 सेंमी मोकळी जागा. एका थराला सुमारे 12 नॅनोफॅरड क्षमता मिळते. फॉइलचे कोपरे गोल कापाच. टोकदार कोपऱ्याशी कोरोना (हवेत वीज झिरपणं) सुरू होतो आणि शीट तिथेच जळून भोक पडतं. थरांमधली हवा हाच खरा शत्रू, म्हणून सगळा गठ्ठा ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवा, सगळे बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबा.

टेस्ला कॉइलसारख्या उच्च फ्रिक्वेन्सीला पॉलिएस्टर तापतं. तिथे पॉलिप्रॉपिलीनच हवं. डिस्चार्ज केल्यावरही टर्मिनलवर व्होल्टेज परत चढतं, जिवावर बेतू शकतं. ठेवताना दोन्ही टोकं तारेने जोडूनच ठेवा.