सातशे रुपयांचा ‘डी२’ चाकू: नाव मोठं, पाण्याचा पत्ता नाय

कलमाचा हंगाम तोंडावर आलेला, जुना चाकू घासून घासून काडीएवढा उरलेला, म्हणून ऑनलाइन ७०० रुपयांचा घडीचा चाकू मागवला. पात्यावर ठळक डी२ कोरलेलं. आम्ही तासगावकडचे द्राक्षवाले, पोलादाचं नाव वाचून भुललो.

चांगलं आधी सांगतो. मूठ हातात बसते, लॉक हलत नाय, पातं बरोबर मधोमध मिटतं, आणि खोक्यातून काढल्या काढल्या कागद असा कापला की घरातल्यांना बोलवून बोलवून दाखवला.

मग बागेत नेला. डॉगरिजच्या खुंटावर (खालचं मुळाचं झाड, ज्यावर द्राक्षाची काडी बसवतात) पाचर कलम करताना काडीला दोन्ही बाजूनं एकाच ओढीत सपाट काप पाहिजे, चाकू मधेच अडला आणि काप खडबडीत झाला की सालीला साल भिडत नाय, कलम वाया. तीस-चाळीस काड्यांतच हा गडी कापायचा सोडून चेपायला लागला. धार उन्हात धरली तर कडेनं पांढरी रेघ चमकतेय, म्हणजे कड एका बाजूला वाकून लोळली. धार शाबूत असती तर तिथं काय चमकलंच नसतं.

म्हटलं कारखान्यात ग्राइंडरवर धार काढताना कड तापून नरम पडली असंल, होतं असं, दोन-तीनदा सहाणेवर घासलं की तेवढं जळकं निघून जातं आणि खालचं चांगलं पोलाद लागतं. चारदा घासला. फरक शून्य.

शेवटी लोहारकाकांकडं गेलो. काकांनी पात्याच्या बुडाशी, जिथं धार नसते तिथं, एकदाच कानस ओढली आणि बोटावर आलेला बारीक कीस मला दाखवला. "पाणीच नाय दिल्यालं ह्याला." म्हणजे तापवून, थंड करून पोलाद कडक केलंच नाय, म्हणून कानशीनं सहज कीस निघाला. मग माझ्या खिशातला जुना व्हिक्टोरिनॉक्स, स्विस कंपनीचा घडीचा चाकू, मागून घेतला, त्यावर कानस बरीचशी घसरली.

आता बघा, कागदावर डी२ कुठच्या कुठं वर. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १२ च्या. व्हिक्टोरिनॉक्समधे कार्बन जेमतेम अर्धा टक्का, कडकपणा कंपनीच ५५-५६ रॉकवेल सांगते, म्हणजे लय नाय. पण जेवढं सांगतात तेवढं पात्यात उतरलेलं असतं. डी२ ला १००० अंशांच्या वर नेऊन काही मिनिटं तिथंच धरायचं, थंड करायचं, परत दोनशेच्या आसपास तापवून ठिसूळपणा काढायचा, एवढी भट्टी आणि एवढा वेळ ७०० रुपयांत बसवायचा म्हणजे कुठंतरी काटछाट आलीच. नायतर ते डी२ नसंलच, कोरायला काय लागतंय.

काकांना म्हटलं तुम्हीच द्या पाणी. तर म्हणाले, "आमचं काम कमानपाट्याचं, गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं, लाल झालं की तेलात. ह्यो भात्यावर घेतला तर कच्चा राहील न्हायतर जळंल." पैसे घेऊन भट्टीत घातला असता तर मला काय कळणार होतं, पण माणूस सरळ. त्यांनाच कमानपाट्याचा कलमाचा चाकू सांगून आलोय, गंज येतो, तेल पुसावं लागतं, चालंल.

पाच पैकी दोन स्टार, ते पण मुठीला आणि लॉकला. परत करायची मुदत मी सहाणेवर घासण्यात घालवली. सध्या त्यानं ठिबकच्या नळ्या कापतोय, त्या कापतो व्यवस्थित.